मधली सळई

पेशंटला तपासण्याआधी हसवायचं, असा नियम दुसऱ्या कुठल्या इस्पितळात असेल तर मला आणून दाखवा. आमच्याकडे होता. आमच्या डॉक्टरीणबाई प्रत्येक पेशंटला विनोद सांगायच्या, आणि विनोद तरी काय, तर कोंबडीने बदकाला विचारलं, तू पोहत का आलंस? बदक म्हणालं, बस चुकली. झालं, एवढाच. ह्यात हसण्यासारखं काय आहे ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण सांगता सांगता बाई स्वतःच इतक्या हसायच्या, की चष्मा काढून पदराने डोळे पुसायला लागायचे, आणि त्यांच्याकडे बघून पेशंटही हसायची. ती हसली की बाई एकदम गंभीर होऊन विचारायच्या, "आत्ता गेली ना?"

गेली म्हणजे लघवी. आमच्या भागातल्या निम्म्या बायकांचं हे दुखणं होतं. डोक्यावर भाजीचा हारा, पाठोपाठ सहा-सात बाळंतपणं, मिठागरात नाहीतर चिखलात दिवसभर वाकून काम. मग लघवीच्या पिशवीचं तोंड खाली घसरतं. हसलं, शिंकलं, ओझं उचललं की चार थेंब निसटतात. मरण येत नाही त्याने, म्हणून कोणी सांगतही नाही. नायगावकडची एक मिठागरातली बाई आमच्याकडे आली, ती दहा मिनिटं नुसती पदर चावत बसली होती आणि शेवटी म्हणाली, "बाई, कोनाला सांगू नका. पानी जातंय म्हनून मी लगीनघरी पन जात नाय."

"बाकीचे डॉक्टर खोकायला सांगतात," बाई म्हणत. "खोकला जपून काढता येतो. आपल्या बायका काय जपून करत नाहीत? हसू आलं की जपायला वेळच मिळत नाही."

मी वसईतल्या त्या वीस खाटांच्या इस्पितळात थिएटरची सिस्टर होते. सत्तर सालानंतरची आठ-दहा वर्षं आम्ही दोघींनी तिथे काढली. बाई निर्मळच्या, बागायतदारांच्या घरातल्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, मनगटावर वडिलांचं भलंमोठं घड्याळ. आम्हा नर्सना त्या नावाने कधीच हाक मारत नसत. जिचं गाव जे, तेच तिचं नाव. मी पापडी. माझ्याबरोबरची होती ती नायगाव. "ए पापडी, नायगावला सांग पाणी उकळलंय," असं चालायचं. एकदा एक नातेवाईक बिचारा हे ऐकून गोंधळून रिक्षा शोधायला निघाला होता.

आणि ताण. बाईंना ताणाचं वेड होतं. मनाचा ताण नव्हे हो, ती फॅशन नंतर आली. दोरीचा ताण. वॉर्डात शिरल्या की पहिल्यांदा मच्छरदाणीच्या नाड्या बोटाने टण् टण् वाजवून बघायच्या. मागच्या अंगणातली कपड्यांची दोरी वाजवायच्या. चर्चच्या सणाला पताका लागल्या तर तिथेही थांबून हात वर करून ओढून बघायच्या. आमच्यापैकी कोणी वेणी घट्ट घातली की मागून येऊन ती ओढत आणि म्हणत, "कपाळ दुखतं म्हणून पुन्हा गोळी मागायला येऊ नकोस." स्वतःच्या परकराची नाडी मात्र कायम सैल. साडी घसरायची, मग आम्ही सेफ्टी पिना घेऊन मागे धावायचो.

त्यांचं एक वाक्य होतं, दिवसातून चार वेळा तरी ऐकायला मिळायचं: "घट्ट बांधतो तो भित्रा, सैल सोडतो तो आळशी." केळीच्या घडाला दोरी बांधणाऱ्या माणसालाही हे ऐकवलं होतं त्यांनी. तो म्हणाला, "आणि बरोबर बांधतो तो?" बाई म्हणाल्या, "तो अजून जन्माला यायचाय."

हे सगळं वेड उगाच नव्हतं. घसरलेलं पिशवीचं तोंड टाके घालून वर टांगायचं, असं ते ऑपरेशन. ओटीपोटावर आडवी चीर घ्यायची, पुढच्या हाडाच्या मागे उतरायचं आणि दोन्ही बाजूंनी धागे घालून वर हाडामागच्या पट्ट्याला बांधायचे. टाके घालणं कठीण नाही, गाठ मारणं कठीण. जागा एवढीशी, की दोन बोटं जेमतेम जातात, आणि दिसत काहीच नाही. गाठ जरा घट्ट बसली तर पेशंटला लघवीच होत नाही. जरा सैल राहिली तर सहा महिन्यांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मोठमोठे सर्जन म्हणायचे, ताण बोटाला कळतो. आमच्या बाईही तसंच म्हणायच्या, ती नायगावची मिठागरवाली परत येईपर्यंत.

ती आली, आणि दारातूनच म्हणाली, "बाई, तुमची गाठ सुटली वाटतं."

दुसरी कुठली डॉक्टर असती तर म्हणाली असती, तूच ओझं उचललं असशील. बाईंनी तिला बसवलं, चहा पाजला आणि सांगितलं, "तू नाही, मी चुकले." त्या दिवसानंतर त्यांचा बोटावरचा विश्वास उडाला. म्हणायला लागल्या, "सोमवारी माझं बोट वेगळं असतं आणि शनिवारी वेगळं. तराजू असा असतो का कधी?"

मग सुरू झाले प्रयोग. पहिल्यांदा बाजारातल्या एका कोळणीकडून स्प्रिंगचा ताणकाटा आणला. धाग्याचं टोक काट्याच्या आकड्याला अडकवायचं आणि किती ओढ लागते ते बघायचं. सरावासाठी खाटकाकडून बकऱ्याच्या लघवीच्या पिशव्या आणत. आठवड्याला पाच-सहा. खाटकाची अशी समजूत झाली, की बागायतदारांत हा एखादा खास पदार्थ असतो, आणि त्याने एकदा मला हळूच विचारलं, त्याला मसाला कुठला लावतात? बाईंच्या स्वयंपाकघरात मी गेले तर ओट्यावर पिशव्या टांगलेल्या, काटा लोंबतोय, आणि बाई एका हाताने गाठ मारत दुसऱ्या हाताने वरणाला फोडणी देतायत. मी पावलं न वाजवता परत फिरले.

त्या काट्याचं पुढे काय व्हायचं तेच झालं. थिएटरमध्ये न्यायचा तर वाफेत निर्जंतुक करायला हवा. दोनदा वाफेत गेला, तिसऱ्यांदा गंजून अडकून बसला आणि रिकामा असतानाही पाव किलो दाखवायला लागला. बाईंनी तो कोळणीला परत दिला. कोळीण तर खूशच झाली, म्हणाली आता बरा झालाय.

खरी युक्ती सापडली ती निर्मळला, बाईंच्या भावाच्या पानमळ्यात. मी बरोबर होते. तिथे एक म्हातारी मजूर पानवेली शेवरीच्या खोडांना बांधत होती, केळीच्या सुक्या सोपाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, पट्ट्यांनी. बाई जात होत्या आणि थबकल्या. म्हातारी करायची काय, तर वेलावर आपलं बोट आडवं ठेवायची, बोटावरून पट्टी आवळून गाठ मारायची आणि मग बोट काढून घ्यायची. बाईंनी विचारलं, "मावशी, बोट कशाला मध्ये घालता?"

"वेल जाड होतो ना. आत्ता आवळली तर पुढे गळा धरंल त्याचा."

"आणि बोट नाही घातलं, नुसती अंदाजाने सैल बांधली तर?"

म्हातारीने बाईंकडे अशी नजर टाकली, की ही डॉक्टर झाली कशी. "अंदाज रोज बदलतो, बाय. बोट तेवढंच ऱ्हातं."

बाई तिथे तासभर उभ्या होत्या. तिने किती गाठी मारल्या ते बघत. भावजय जेवायला बोलावून थकली. परत येताना सायकलवर मागे बसलेल्या मला ओरडून सांगत होत्या, "ताण मोजायचाच नाही गं पापडी! ढील मोजायची!"

दुसऱ्या दिवशी वसईतल्या एका लेथवाल्याकडे गेल्या. त्याला म्हणाल्या, स्टीलच्या तीन सळया कर, वीतभर लांब, टोकाला गुळगुळीत, मागे धरायला वाकवलेली मूठ. एक बारीक, एक मध्यम, एक जाड. तो बिचारा म्हणाला, "कशासाठी बाई, विणायला?" बाईंनी त्याला कशासाठी ते सांगितलं. सगळं सांगितलं, कागदावर चित्र काढून. तो माणूस कानापर्यंत लाल झाला, मान खाली घालून लेथकडे बघत राहिला, आणि पैसे घ्यायलाही वर बघेना. सळया मात्र अशा केल्या, की आरशासारख्या. आम्ही त्यांना नावं ठेवली, धाकटी, मधली आणि थोरली.

पद्धत अशी. टाका घातला की धाग्याखाली सळई ठेवायची, सळईवरून गाठ आवळायची, तिसरी गाठ बसली की सळई अलगद ओढून घ्यायची. राहिली ती सळईएवढी ढील. धाकटीने गाठ घट्ट बसायची, थोरलीने सैल. बहुतेक बायकांना मधली. कुठली ते बाई तपासतानाच ठरवायच्या. सळई धरायची ती मी. बाईंचे दोन्ही हात आणि डोळे गाठीत, म्हणून एक नियम होता: त्या विचारणार, "कोणती?" आणि मी मोठ्याने सांगणार, "मधली." मग त्या आवळणार. त्या वर बघत नसत. मी सांगितलं म्हणजे तेच.

दीड-दोन वर्षं हे चाललं आणि गाठी सुटल्याच्या तक्रारी जवळजवळ थांबल्या. मुंबईच्या डॉक्टरांच्या एका सभेत येऊन सळया दाखवा, असं पत्र बाईंना आलं. पत्र त्यांनी औषधांच्या कपाटावर चिकटवलं. इतक्या खूश होत्या, की कोंबडीचा विनोद सोडून एक नवीन सांगायला लागल्या. तो आणखी वाईट होता.

आता माझ्या आईकडे येते. कारण इथे जी चूक झाली ती माझी आहे, आणि ती मीच सांगितली पाहिजे.

पापडीचा सण होता. मी बाईंना जेवायला बोलावलं होतं. आई वाढत होती. माझी आई म्हणजे पापडीच्या बाजारात पंचवीस वर्षं भाजी विकलेली बाई, आवाज खणखणीत, पण स्वतःबद्दल एक अक्षर बोलेल तर शपथ. बाईंनी जेवता जेवता तो बदकाचा विनोद सांगितला. सगळे हसले, आईही हसली, आणि हातातलं भांडं तसंच खाली ठेवून मागच्या दाराने निघून गेली. बाईंचा घास हातातच राहिला. त्या उठून तिच्या मागे गेल्या. मी गेले तेव्हा विहिरीजवळ दोघी उभ्या होत्या आणि बाई विचारत होत्या, "किती वर्षं?"

"धाकटा झाला तेव्हापासून," आई म्हणाली. धाकटा चौदाचा होता.

चौदा वर्षं! मिस्सेला ती चर्चमध्ये मागे दाराजवळ उभी राहायची, आम्हाला वाटायचं गुडघे दुखतात, बसता-उठता येत नाही. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून स्वतःचे कपडे धुवायची, आम्हाला वाटायचं कामसू आहे. मी ह्याच ऑपरेशनला शेकडो वेळा हत्यारं हातात दिली होती, आणि माझ्या स्वतःच्या घरात! लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

"'तू सिस्टर आहेस ना,' असं मला चिडवायचीस," मी चिडूनच म्हटलं, "आणि मला सांगता नाही आलं?"

"तुला कशाला सांगू? तू दिवसभर तेच बघतेस. घरी आल्यावर पण तेच?"

ऑपरेशनचा दिवस ठरला. बाई म्हणाल्या, घरच्या माणसाला तू नको, नायगावला उभी करते. पण नायगावचं लग्न ठरलं होतं, ती रजेवर, आणि सळई धरायची सवय दुसऱ्या कोणाला नव्हती. मी हट्ट धरला. शेवटी बाई हो म्हणाल्या. ह्या सगळ्यात ती त्यांची एकच चूक.

आदल्या दिवशी आई मला म्हणाली होती, "बाईंना सांग, चांगलं घट्ट शिवा. परत नको मला हे." ती आपली घाबरून बोलली. पण माझ्या डोक्यात तेच घुमत राहिलं. परत नको. नायगावची ती मिठागरवाली आठवत राहिली. आईची गाठ सुटली आणि ती पुन्हा दाराजवळ उभी राहिली तर? माझ्या हयातीत तरी तिला परत ते नको.

आईला कंबरेत भुलीचं इंजेक्शन दिलं होतं. कंबरेखाली बधिर, पण शुद्धीत. डोक्याशी पडदा. बाईंनी टाके घातले, हात पुढे केला आणि विचारलं, "कोणती?"

मी धाकटी उचलली होती. आणि म्हणाले, "मधली."

असं सरळ. आवाजही हलला नाही माझा. बाईंनी गाठी आवळल्या.

पाचव्या दिवशी आईची नळी काढली. सकाळ गेली, दुपार झाली, लघवी नाही. पोट फुगलं, कळा यायला लागल्या, परत नळी घातली. दोन दिवसांनी पुन्हा काढली, पुन्हा तेच. आई खाटेच्या कडा धरून पडून असायची आणि मी गेले की हसायचा प्रयत्न करायची. बाईंनी कितीदा तरी तपासलं. मला विचारलं नाही त्यांनी काही. का विचारतील? मी सांगितलं होतं ना, मधली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी औषधांच्या कपाटाकडे गेले तर मुंबईचं पत्र तिथे नव्हतं.

"कळवलं त्यांना, येत नाही म्हणून," बाई म्हणाल्या. "माझं मापच चुकतंय कुठेतरी. तुझ्या आईला मधली नको होती, थोरली हवी होती, आणि ते मला तपासताना कळलं नाही. मला कळत नसेल तर दुसऱ्यांना काय शिकवू? सळया ठेवून दे कुठेतरी आत." आणि त्या हात धुवायला गेल्या. दहा मिनिटं धूत होत्या.

त्या संध्याकाळी मी काय केलं असेल? सरळ बाईंकडे गेले असेन? छे! मी चर्चमध्ये फादरसमोर पाप कबूल करायला गेले. आम्हा पापडीच्या लोकांची ही खोड आहे. माणसाचं बिघडवायचं आणि माफी देवाकडे मागायची. जाळीपलीकडे फादर शांतपणे ऐकत होते. मी धाकटी, मधली, थोरली सगळं सांगितलं. त्यांनी कान जाळीला लावला. मग म्हणाले, "मुली, ह्या कोणाच्या बहिणी?"

मी रडता रडता पहिल्यापासून परत सांगितलं. ह्या वेळी त्यांना कळलं. म्हणाले, "प्रायश्चित्त मी देतो, तीन वेळा नमो मरिया म्हण. पण टाका मला सोडवता येत नाही. तो ज्याला येतो त्याच्याकडे जा, आणि उद्यावर टाकू नकोस."

मी तशीच इस्पितळात गेले. बाई त्यांच्या खोलीत केस-पेपर भरत होत्या. उभ्या उभ्याच सांगितलं. "बाई, मधली नव्हती. धाकटी होती. मी मुद्दाम धरली."

बाईंनी चष्मा काढला. आणि खरं सांगते, पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला! "म्हणजे माझं बरोबर होतं?" उठून टेबलावर थाप मारली. "मधलीच लागत होती तुझ्या आईला! मी म्हणत होते, म्हणतच होते!" आणि मग दुसऱ्या क्षणी, जणू आत्ता कुठे त्यांना नीट ऐकू आलं, तशा माझ्याकडे वळल्या. "मूर्ख कार्टी. तीन दिवस मी स्वतःला कसाई म्हणत होते. आणि तू? तू भित्री. माझ्या हाताखाली आठ वर्षं राहून भित्रीच राहिलीस."

"माझं चुकलं, बाई. मला काढून टाका."

"काढून टाकते की, तेवढंच सोपं आहे. आधी जा आणि आईला सांग."

"तुम्ही सांगा ना बाई. मी नाही..."

"मी का सांगू? टाका माझा, सळई तुझी."

आई जागी होती. मी खाटेशेजारी खाली बसले आणि हळू आवाजात सांगितलं, कारण वॉर्डात आणखी सात बायका होत्या. आई ऐकत राहिली. मला वाटलं डोक्यावरून हात फिरवेल, जाऊ दे म्हणेल. नेहमी तेच म्हणायची ती, सगळ्यांना.

"मधली म्हणालीस तू," आई म्हणाली. "मी शुद्धीत होते. माझ्या कानांनी ऐकलं, मधली."

"हो आई."

"खोटं बोललीस." आणि ती कोपरावर उठून बसली, आणि तो बाजारातला आवाज! "माझ्या पोटातला टाका, आणि माप तू ठरवणार? मला विचारलंस? चौदा वर्षं तोंड शिवून बसले ती तू येऊन मूत पण शिवून टाकावास म्हणून? लघवी माझी आहे ना? की ती पण तुमच्या इस्पितळाची?"

सातही बायका उठून बसल्या. चौदा वर्षं जिने विहिरीलासुद्धा कळू दिलं नाही ती माझी आई भर वॉर्डात लघवीवरून भांडत होती. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "बरोबर बोलतेस गो बये, ऐकव तिला." दारात बाई उभ्या होत्या. आईने त्यांना बघितलं आणि म्हणाली, "डॉक्टरीणबाई, आता काय करायचं ते मला सांगा. हिला नको."

बाईंनी स्टूल ओढलं आणि तिन्ही सळया आणून आईच्या मांडीवर ठेवल्या. परकराच्या नाडीत घालून दाखवलं, कशाने काय होतं ते. आईने एकेक सळई हातात घेऊन, भेंडी निवडावी तशी बोटात फिरवून बघितली. मग मधली बाजूला काढली.

"परत उघडावं लागेल," बाई म्हणाल्या. "दुखेल."

"उघडा. ही घाला. आणि धरायला माझी पोरगीच पाहिजे."

बाई चकित झाल्या. "अहो, हिनेच तर..."

"म्हणूनच. ही एकदा चुकलीय, आता नाही चुकायची. दुसरीचं काय सांगावं?"

दोन दिवसांनी आईला पुन्हा टेबलावर घेतलं. बाईंनी जुने टाके कापले, नवे घातले. मी सळई दोन्ही हातांनी धरली होती.

"कोणती?"

"मधली," मी म्हणाले, आणि पडद्यापलीकडून आईही म्हणाली, "मधली."

मला वाटलं आता तरी बाई मान वर करून बघतील. मी वाट बघत होते, बघा म्हणून, एकदा बघा. त्यांनी बघितलं नाही. गाठ आवळली, दुसरी, तिसरी, आणि म्हणाल्या, "काढ." मी सळई ओढून घेतली.

बाईंनी मुंबईला परत पत्र लिहिलं आणि पुढे सभेला जाऊनही आल्या. तिथे कोणीतरी विचारलं, ही कल्पना कुठल्या परदेशी पुस्तकातली? बाई म्हणाल्या, आमच्या भावाच्या पानमळ्यातली. लोक हसले म्हणे. बाईंना वाटलं, विनोद आवडला. मला त्यांनी काढून टाकलं नाही, पण पुढचे सहा महिने "कोणती?" विचारल्यावर मी उत्तर दिलं की लगेच थिएटरमधल्या आयाही हसायच्या, आणि ते मी निमूट सोसलं. बाई गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण मला त्या आठवतात त्या अशा सभेतल्या नाहीत, थिएटरमधल्याही नाहीत.

दुसऱ्या ऑपरेशननंतरचा पाचवा दिवस. सकाळी नळी काढली. दहाच्या सुमाराला आई भिंतीला धरून वॉर्डाच्या टोकाच्या बाथरूममध्ये गेली. पत्र्याचं दार तिने आतून लावून घेतलं. मी दाराबाहेर उभी राहिले. बाई ओपीडी तशीच टाकून आल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. आत नळ ठिबकत होता. बाईंनी मला खुणेने सांगितलं, मागे जाऊन टाकीची चावी बंद कर, त्याचाच आवाज असायचा. मी पळत जाऊन बंद करून आले. आता काहीच आवाज नव्हता. एक मिनिट गेलं, दोन गेली. बाई कपाळाला हात लावून उभ्या. मी मनात नमो मरिया म्हणत होते, तीनच्या वर किती झाल्या देव जाणे.

आणि मग आवाज आला. आधी जरासा, थांबून थांबून. मग धार लागली. बाईंनी माझं मनगट असं पकडलं, की त्यांची नखं रुतली.

आतून आई ओरडली, "दोघी दाराशी उभ्या आहात ना? पाय दिसतायत मला खालून! जा बघू तिथून. एवढ्या दिवसांनी होतेय, ती तरी माझी मला करू द्या!"

आम्ही गेलो नाही. बाई पत्र्याच्या दाराला डोकं टेकून रडत होत्या, मीही रडत होते, आणि आत चाललंच होतं.